रेस दिली की बंद

दुधराम कापगत्याच्या जिप्सीतला पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता. टाकीत किती उरलं हे बघायला तो बांबूची एक काडी वापरायचा. झाकण काढायचं, काडी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, काडी पँटला पुसून परत सीटखाली सारायची. गाडीला काहीही झालेलं असो, पहिलं काम हेच. जंगलाच्या गेटवरचे बाकीचे जिप्सीवाले हसायचे. डॉक्टर आधी जीभ बघतो तसा हा आधी काडी घालतो, म्हणायचे. दुधरामचं म्हणणं असं की निम्म्या गाड्या पेट्रोल संपून बंद पडतात आणि ड्रायव्हर उगाच इंजिन उघडून बसतो. आधी पोट पाहावं, मंग दुखनं.

सवय चांगलीच होती. पण पुढं हीच सवय त्याला आंधळं करून बसली.

सौंदडहून जंगलाच्या अंगाला आत शिरलं की त्याचं गाव. घरच्या धानाच्या बांध्या बायको देवकाबाई बघायची, कारण दुधरामचा पाय चिखलात कमी आणि क्लचवर जास्त. तरुणपणी त्यानं काळीपिवळी जीप चालवली. आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकून माणसं, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. पुढं नागझिऱ्यात वाघ बघायला लोक येऊ लागले तेव्हा त्यानं कुणीतरी काढून टाकलेली जुनी, कार्बोरेटरची जिप्सी घेतली. वरचं छत कापलं, मागं बाकं बसवली, हिरवा रंग मारला आणि गेटवर नंबर लावला. पर्यटक मागं बसून वाघ शोधायचे, हा पुढं बसून इंजिन ऐकायचा. त्याच्याबरोबर बहुतेक वेळा गाइड म्हणून जंगलू असायचा. जंगलू मडावी, जंगलाच्या कडेच्या टोल्यावरचा गोंड माणूस. बोलणं कमी, नजर लांबची. दोघांचं जमायचं, कारण एकाला गाडी सोडून काही कळत नव्हतं आणि दुसऱ्याला गाडीतलं काहीच.

पावसाळ्यात जंगल बंद. गेटला साखळी लागते आणि जिप्स्या आपापल्या अंगणात ताडपत्री पांघरून उभ्या राहतात. दुधराम अधूनमधून जिप्सी चालू करायचा, बॅटरी मरू नये म्हणून. स्लोवर, रेस न देता, धडधडत ठेवायची, तिच्या शेजारी उभं राहून चहा प्यायचा, बंद करायची. चार महिने गाडीला एवढीच कसरत.

त्या चौमासात त्याची पोरगी प्रिया बाळंतपणाला माहेरी आली.

प्रिया गोंदियाला दिलेली. जावई गुलशन तिथं गाड्यांच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर. माणूस चांगला, बोलायला धारदार, अर्धं हिंदी अर्धं मराठी. लग्नाला तीन वर्षं होऊनही घरात काही हललं नव्हतं आणि सासूचे नवस करून संपत आले होते, तेव्हा कुठं दिवस राहिले. म्हणून पोरगी आली ती अंडं सांभाळावं तशी सांभाळत आणली. देवकाबाईनं तिला पाण्याचा गुंडसुद्धा उचलू दिला नाही.

एके दिवशी उघाड पडली म्हणून दुधरामनं नळी ओढली आणि जिप्सी धुवायला काढली. प्रिया ओसरीत बसली होती. तिथूनच म्हणाली, “बाबा, मागच्या चाकाकडं पानी मारू नोका. कुंभारीन घर बांधून राहिली.”

दुधरामनं वाकून पाहिलं. खरंच. दोऱ्याएवढ्या कंबरेची काळीपिवळी माशी, तोंडात मातीची ओली गोळी घेऊन मागच्या चाकावरल्या पत्र्याखाली शिरत होती. पत्र्याच्या कडेला तिनं दोन इवलीशी गाडगी लावली होती.

आमच्याकडे कुंभारणीचं घर मोडत नाहीत. त्यातून घरात दिवस गेलेली बाई असली तर मुळीच नाही. माशीनं घर केलं म्हणजे त्या घरात पाळणा हलणार, असं बाया धरून चालतात. गोल घर बांधलं तर पोरगी, लांबट बांधलं तर पोरगा. देवकाबाई धान निवडायचं सोडून आली, पदरानं हात पुसत वाकली आणि लांबट आहे असा निकाल दिला. दुधराम म्हणाला की आता जिप्सीलेच पोरगा होते म्हन, अन् त्याची पहिली फेरी फुकट मारा लागन. प्रिया पोट धरून हसली. हसू नको, हसू नको, असं देवकाबाई तिला दटावत होती आणि स्वतःच हसत होती. दुधरामनं नळी गुंडाळून ठेवली.

मग तो प्रियाचा विरंगुळाच झाला. दुपारी खुर्ची ओसरीच्या कडेला ओढायची आणि माशीच्या फेऱ्या बघायच्या. माशी बोअरिंगजवळच्या चिखलातून माती आणायची, कधी हिरवी अळी आणायची. पत्र्याच्या कडेची घरं झाल्यावर ती आणखी आत शिरू लागली, नजरेपल्याड. “माय, आतमंदीबी बांधून राहिली,” प्रिया आईला कौतुकानं सांगायची. शेजारपाजारच्या बायांनाही सांगायची. जिप्सीची ताडपत्री त्या बाजूनं तिनं वर बांधून घेतली होती, माशीला जायला-यायला वाट राहावी म्हणून.

दिवस भरत आले तसा दुधराम तयारीला लागला. आदल्या संध्याकाळी त्यानं झाकण काढलं, काडी घातली, टाकी अर्धी होती. जिप्सी चालू केली, रेस दिली. अंगण हादरलं. तेवढ्यानं त्याचं मन भरलं.

सकाळी उजाडताना प्रियाला कळा सुरू झाल्या. गावची आशाताई धावत आली. तिनं पोटाला हात लावून पाहिला आणि ॲम्बुलन्सला फोन करते म्हणाली. दुधरामनं तिला थांबवलं. गाडी अंगणात उभी असताना दुसऱ्या गाडीची वाट कायले पाहाची, ती येईल तवरिक मी दवाखान्यात पोचतो, असं तो म्हणाला. त्यात गुर्मी नव्हती, म्हणजे गुर्मीसारखी गुर्मी नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलेल्या माणसाला एकदा आपलं माणूस आपल्या गाडीत न्यायचं होतं. मागच्या बाकांवर गादी टाकली. देवकाबाईनं प्रियाचं डोकं मांडीवर घेतलं. आशाताई पायाशी बसली.

गाव सुटेपर्यंत जिप्सी सुरेख चालली. जंगलाचा सपाट रस्ताही बराच पार झाला. कालव्याच्या पुलाआधी चढ आहे. रस्त्यावर गाई बसल्या होत्या म्हणून दुधरामनं वेग तोडला, गाडी जवळजवळ थांबवली, गाई उठल्या, त्यानं पहिला गिअर टाकून रेस दिली. इंजिनानं घशात घास अडकल्यासारखं केलं आणि बंद पडलं.

चावी फिरवली, चालू झाली. स्लोवर ठीक. पाय दाबला की बंद.

थोडं थांबलं की पुन्हा चालू व्हायची, पाचपन्नास पावलं ओढायची, आणि चढाला लागून पाय खाली गेला की पुन्हा तेच. दुधराम उतरला. पेट्रोलची जाळी काढून फुंकली. प्लग काढून पुसले. कार्बोरेटर उघडला, जेट तोंडानं साफ केला, तोंड पेट्रोलनं भरलं, थुंकला. पेट्रोल येत होतं, पण रडत येत होतं. ते रडत का येतं हे त्याला कळेना. टाकीचं झाकण त्यानं उघडलं नाही. कालच काडी घातली होती. टाकी अर्धी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि जे माहीत आहे ते बघण्यात वेळ घालवायला त्याच्याजवळ वेळ नव्हता.

मागून प्रिया ओरडत होती, “बाबा, चालवा ना. चालवा ना बाबा.” नंतर ती ओरडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. आशाताई फोन हातात धरून रस्त्यावर मागंपुढं पळत होती, पण त्या पट्ट्यात कुणाच्याच फोनला टॉवर मिळत नाही. शेवटी दुधाच्या कॅनची एक पिकअप आली. कॅन रस्त्यावर उतरवून गादी तीत टाकली, प्रियाला उचलून घातलं. दुधराम पायाशी चढला. जिप्सी तिथंच राहिली, बोनट उघडं टाकून.

पोरगाच होता. रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही, नाळ मानेला गुंडाळलेली होती. दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजात सांगितल्या. घरच्यांना पहिलीच ऐकू आली.

दुपारी दुधराम आणि जंगलूनं त्याला गावच्या नाल्याकाठी पळसाखाली मातीत ठेवलं. वरून दगड लावले, कोल्ह्यांसाठी.

प्रिया दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडून होती. ती बापाला काही बोलली नाही. आईला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. “माय, माह्यानं झाला का? मी बोअरिंगवर गेली होती त्या दिशी. मी वाकली होती. माह्यानं झाला का?” देवकाबाई नाही म्हणायची. पण नाही म्हणायला हातात कारण लागतं आणि तिच्या हातात ते नव्हतं. मग प्रिया दुसरं काही आठवून काढायची. पपईची फोड. ग्रहणाच्या दिवशी सुईत ओवलेला दोरा. हसलेली होती, ते. दुधराम दाराशी उभा राहून ऐकत होता.

गुलशन गोंदियाहून आला. आधी बायकोजवळ बसला, मग बाहेर येऊन सासऱ्यासमोर उभा राहिला.

“मामाजी, गाडी को हुआ क्या था?”

दुधराम म्हणाला, माहीत नाही.

“पता करो. मेरेको बताओ, मैं उसको बताऊंगा. ती सारखी स्वतःला खाऊन राहिली. कशानं गेला ते तिला कळलं पाहिजे. किसीकी तो गलती होगी ना.”

आवाज चढवला नाही त्यानं. बायकोला घेऊन थेट गोंदियाला गेला.

जिप्सी बैलांनी ओढून अंगणात आणली. दुधराम तिच्याशी झोंबायला लागला. सकाळी उठला की झाकण, काडी, मग इंजिन. आणि इंजिन अंगणात ठणठणीत. स्लोवर ठीक, रेस दिली की वाघासारखं गुरगुरायचं. काहीच बिघाड नाही. त्यानं कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलला. पेट्रोल ओढणारा इंजिनाशेजारचा छोटा पंप उघडला, त्याच्या आतला रबरी पडदा उजेडात धरून पाहिला. शाबूत होता. करंटची तार बदलली. पुन्हा रेस, पुन्हा गुरगुर. हे जास्त भयंकर होतं. गाडी खराब निघाली असती तर बरं, असं त्याला वाटू लागलं. आता जणू तीच सांगत होती की मला काही झालेलं नव्हतं, तुलाच चालवता आली नाही.

देवकाबाई ताट वाढायची आणि बोलायची नाही. एकदा बोलली, ते एवढंच, की आता कोनासाठी दुरुस्त करून राहिले.

शेवटी जंगलू आला. बराच वेळ बसून पाहत राहिला. मग म्हणाला, “भाऊ, जनावर जिथं पडला तिथं त्याचा माग पाहा लागते. अंगनात काय सापडन?” जंगलूला गाडीतलं काही कळत नव्हतं, तो आपलं जंगलातलं बोलला. पण दुधराम उठला. काडी त्याची त्या सकाळीच घालून झाली होती आणि सकाळभर तो इंजिन चालू-बंद करत होता. तसाच जंगलूला शेजारी बसवून निघाला.

सपाट रस्ता ठीक. कालव्याचा चढ आला. दुधरामनं त्या दिवशीसारखाच वेग तोडला, पहिला गिअर, रेस. घास अडकला. बंद.

दुधराम उतरला. त्यानं बोनटकडं पाहिलं आणि उघडावंसंच वाटेना. काय करावं न सुचून हातांनी आपलं जुनं काम केलं. तो मागं गेला, टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण जड गेलं. मग सुटलं, आणि टाकीनं सुस्स करून लांब श्वास आत ओढला. पाण्याखालून वर आलेला माणूस ओढतो तसा.

दुधराम झाकण हातात धरून तिथंच उभा राहिला. जंगलूनं विचारलं, काय झालं. दुधराम झाकण उघडंच ठेवून गाडीत बसला, चावी फिरवली, पाय पूर्ण खाली दाबला. जिप्सी चढ चढून गेली, पुलावर गेली, पलीकडं गेली.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीला एक बारीक नळी असते, तिचं तोंड मागच्या चाकावरल्या पत्र्याआड उघडं असतं. ती बंद झाली की पेट्रोल निघतं, हवा येत नाही, टाकी आतल्या आत ओढून धरते. स्लोवर इंजिनाला थेंब लागतात, ते मिळतात. रेस दिली की घोट लागतो, तो मिळत नाही. आणि झाकण उघडलं की सगळं ठीक होतं. प्रत्येक सकाळी काडी घालताना दुधराम रोगच पळवून लावत होता आणि मग रोग शोधत होता.

घरी येऊन तो गाडीखाली पाठीवर झोपला. नळीच्या तोंडाशी माती होती. बोटानं पुसून निघेना, पक्की बसलेली. तारेनं कोरली. आधी माती आली, मग वाळून काड्या झालेल्या दोनतीन हिरव्या अळ्या, मग पुन्हा माती, आणि सगळ्यांत शेवटी एक पिवळट जीव, भाताच्या दाण्याएवढा, पाय फुटायच्या आधीच पेट्रोलच्या वाफेनं मेलेला. तळहातावर घेऊन तो गाडीखालून बाहेर आला.

जंगलूनं पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही.

“ती म्हनत होती,” दुधराम म्हणाला. “आतमंदीबी बांधून राहिली म्हने.”

एवढं बोलून त्यानं हात झटकला आणि पायानं माती सारखी केली. देवकाबाई बांधीवर गेली होती. ती यायच्या आत त्यानं नळी कापून नवी बसवली, पत्र्याच्या कडेची गाडगी मात्र तशीच ठेवली, बाहेरून दिसायला. मग घरातला सामानाचा डबा उघडला. गाडीवाल्याच्या घरी असा डबा असतोच, बदललेली एकही वस्तू तो फेकत नाही. त्यात पंपाचा जुना रबरी पडदा होता, दोनेक वर्षांपूर्वी काढलेला, कडक झालेला, मधोमध फाटलेला. आत्ताच पंपातून काढल्यासारखा दिसावा म्हणून तो त्यानं पेट्रोलमध्ये भिजवून खिशात ठेवला.

जंगलू म्हणाला, भाऊ, असा नोको करू. माशीचा काम होता. त्यात ना तुझा गुन्हा ना पोरीचा.

“तुले समजते,” दुधराम म्हणाला. “ताडपत्री तिनंच वर बांधून घेतली होती. तिले हे समजन का?”

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुलशन आला. चहा घेतला नाही. दुधरामनं खिशातून पडदा काढून त्याच्या हातावर ठेवला. रोज असला माल विकणाऱ्या माणसाला ओळखायला वेळ लागला नाही. त्यानं तो ताणून पाहिला, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“ये एक दिन में नहीं फटता, मामाजी.”

“नाही फाटत.”

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला?”

दुधराम म्हणाला, गाडी आधीपासून जराशी कमी ओढत होती. सीझन सुरू झाल्यावर बदलू म्हणून ठेवलं.

गुलशन त्याच्याकडं बघत राहिला. त्याला काहीतरी टोचत असावं, कारण त्यानं विचारलं की अंगणात अधूनमधून चालू करत होता तेव्हा कळलं कसं नाही. दुधराम म्हणाला, स्लोवर समजत नाही. हे खरंच होतं. गुलशननं पडदा रुमालात बांधला आणि दाराशी आलेल्या देवकाबाईसमोरच सांगितलं की माझी बायको आता या घरी बाळंतपणाला येणार नाही, या गाडीत तर पायही ठेवणार नाही. देवकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, तो काही तरी बोलेल. तो पायाजवळची कोंबडी हाकलत होता.

त्या दिवसापासून देवकाबाई वेगळ्या खोलीत झोपायला लागली.

गोष्ट गोंदियाहून फिरून गेटवर पोचली. जंगल उघडलं तेव्हा जिप्सीवाल्यांची कमिटी बसली. दुधरामचं सगळ्यांशी बरं होतं, पण आत वाघासमोर गाडी रेस देताना बंद पडली तर जबाबदार कोण, असा प्रश्न कुणीतरी काढला. बिघाड माहीत असून स्वतःच्या पोरीला जो त्या गाडीत नेतो तो पर्यटकांना काय सोडणार. हे कोण बोललं त्याला महत्त्व नाही, बोललं गेलं. जंगलू उठून उभा राहिला. दुधरामनं मागून त्याचा सदरा धरला आणि खाली बसवला. नंतर झाडाखाली जंगलू त्याच्यावर पहिल्यांदाच चिडला. या लोकांले सांगाले काय जाते तुझा, म्हणाला, यांची पोरगी थोडीच आहे ती.

“गेटवर सांगितला का सौंदडले समजते,” दुधराम म्हणाला. “सौंदडले समजला का गोंदियाले जाते. तू तोंड उघडशील तं माह्या घरी येजो नोको.”

जंगलूनं तोंड उघडलं नाही. जिप्सीचा नंबर कापला गेला. हिवाळाभर ती अंगणात उभी राहिली. उन्हाळ्यात एक भंगारवाला येऊन घेऊन गेला. जाताना स्वतःच्या चाकांवर गेली, रेस देत, एकदाही न अडखळता. दुधराम ओसरीतून ऐकत होता.

आता तो गावातल्या एकाच्या ट्रॅक्टरवर मजुरीनं असतो. चिखलणी करतो. पोरं मागून ‘पडदा, पडदा’ म्हणतात. सुरुवातीला त्यांच्या आया त्यांना हाणायच्या, नंतर सोडून दिलं. तो ट्रॅक्टरचं झाकण उघडून काडी घालतो, पुसतो, चढून बसतो.

पुढच्या चौमासात देवकाबाईला ताप भरला तेव्हा प्रिया एका दिवसासाठी आली. एस.टी.नं आली आणि एस.टी.नंच जाणार होती. तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा लागला होता. आईच्या उशाशी बसली, पेज करून घातली, डोक्याला पट्ट्या लावल्या. बापाशी बोलली नाही. त्यानं आणलेली चिवळची भाजी तिनं निवडली, तेवढंच.

दुपारी आईचा डोळा लागला तशी ती ओसरीत आली. भिंतीच्या कोनाड्याजवळ एक माशी येत होती, जात होती. प्रिया खांबाला धरून बघत राहिली. दुधराम बैलांना चारा टाकत होता. त्याच्या हातातला पेंढा हातातच राहिला.

देवकाबाई जागी झाल्यावर प्रियानं तिला सांगितलं, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात. “माय, कुंभारीन आली. पोळ्याले भिती सारवशील तं थेवढा सोडून सारवजो. मोडजो नोको.”

निघताना देवकाबाईनंच दुधरामला पिशवी घेऊन सोबत पाठवलं. फाट्यावर दोघं उभे राहिले. पाऊस थांबला होता, रोवणीच्या बाया डोक्यावर इरली घेऊन दूर वाकलेल्या दिसत होत्या. एस.टी.ला उशीर होता.

“बाबा,” प्रिया म्हणाली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. “येवढासाच पडदा होता. बदलवला काऊन नाही?”

दुधरामनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आळस केला, बाई.”

“माहीत होता तुमाले? फाटला आहे म्हनून?”

“होता.”

ती रस्त्याकडं बघत होती. हात आपोआप पोटावर गेला होता. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो पक्का होता, हलणारा नव्हता. पण त्या रागाखाली तिचे खांदे सैल झाल्यासारखे वाटले.

“म्हनजे माह्यानं नाही झाला,” ती म्हणाली. ते तिनं बापाला विचारलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं.

“नाही,” दुधराम म्हणाला. “माह्यानं झाला.”

एस.टी. आली. प्रियानं पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली, चढली, पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली. ड्रायव्हरनं गिअर टाकला, रेस दिली, गाडी निघून गेली.

घरी आल्यावर देवकाबाईनं अंथरुणातूनच विचारलं, पोरगी काही बोलली का. तो म्हणाला, नाही. मग कोनाड्याजवळ जाऊन त्यानं माशीचं घर नीट पाहून घेतलं. भिंतीवर होतं, मोकळ्या जागी, आसपास नळी नव्हती, भोक नव्हतं. मातीची गोळी घेऊन आलेली माशी त्याच्या चेहऱ्यासमोर थांबली. तो बाजूला झाला.